निराधार मुलांच्या नावाची राखण

सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या कारखान्यांच्या दारात काम मागण्यास येणाऱ्या तरुणाजवळ दोन हात आणि स्वतःचे नाव याखेरीज दुसरे भांडवल क्वचितच असते. त्यापैकी नाव चोरीला जाऊ शकते, आणि ते गेल्याचे धन्याला वर्षानुवर्षे कळत नाही. अठरा वर्षे पूर्ण होताच बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत हा धोका अधिक असूनही त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही.

ज्याला आईबाप आहेत त्याचे दाखले घरच्या ट्रंकेत राहतात. बालगृहात वा नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलाची कागदपत्रे मात्र अधीक्षक, शाळा, बालकल्याण समिती, बँक अशा अनेक हातांतून फिरतात. यांतील बहुतेक माणसे प्रामाणिकच असतात. तथापि एखाद्याने आधारपत्राच्या प्रतीवर सिमकार्ड घेतले, खाते उघडले किंवा कर्ज काढले, तर जाब विचारणारे मुलाच्या मागे कोणी नसते.

अज्ञान व्यक्तीने केलेला करार निरर्थक असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी खटल्यात १९०३ सालीच ठरविले आहे. परंतु कायद्याने देणे लागत नसले तरी पतमाहितीच्या नोंदीत थकबाकीदाराचा शिक्का बसतोच. तो पुसून घेण्यासाठी लागणारा वेळ आणि वकील यंत्रमागावरच्या कामगाराने कोठून आणावा? बँकेने नकार दिला की सावकाराचे दार उरते, आणि इतरांहून दुप्पट-तिप्पट व्याजाने त्याच्या संसाराचा आरंभ होतो.

२०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७४ वे कलम मुलाची ओळख वृत्तपत्रांपासून सुरक्षित ठेवते. ४६ वे कलम बालगृह सोडताना आर्थिक साहाय्याची तरतूद करते. त्याची कागदपत्रे निष्कलंक आहेत की नाहीत, हे पाहण्याची जबाबदारी मात्र यांपैकी एकही कलम कोणावर टाकीत नाही. आधार कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत आधार क्रमांक रद्द करून घेण्याचा अधिकार दिला. परंतु ज्याला नोकरीसाठी पहिल्याच दिवशी तो क्रमांक दाखवावा लागतो, त्याला या अधिकाराचा उपयोग तो किती?

अमेरिकेने २०११ साली कायदा करून पालकगृहांतील सोळा वर्षांवरील प्रत्येक मुलाचा पत-अहवाल दरवर्षी तपासणे व चुका दुरुस्त करून देणे बंधनकारक केले. २०१४ साली ही वयोमर्यादा चौदावर आणली. आपल्याकडे याला मोठा खर्च नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकाला वर्षातून एक पत-अहवाल विनामूल्य मिळतो. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत हे ‘संचार साथी’वर पाहता येते, आधारवरील बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात. बालगृह सोडण्यापूर्वी अधीक्षकाने मुलाला शेजारी बसवून ही तपासणी करावी, मूळ कागद त्याच्या स्वाधीन करावेत आणि फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक त्याला सांगावा, एवढेच हवे.

बालगृहांपुढे अन्नवस्त्राचे प्रश्न असताना कागदांची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. वस्तुतः अन्नवस्त्राची तजवीज अठराव्या वर्षी बहुधा संपते. पुढे त्याला स्वतःच्या नावावरच जगायचे असते. इतकी वर्षे पालक म्हणून सही करणाऱ्या शासनाने ते नाव जसेच्या तसे त्याच्या हाती सोपवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.