मोबाईलवरचा भाव आणि दारात गाडी उभी राहीपर्यंतचा खर्च



ऊस विकास विभागाकडे येणारे प्रश्न बहुधा बेणे, खते, लागणीची तारीख आणि तोडणीचा क्रम यांचे असतात. परंतु गेल्या काही हंगामांपासून उसाचे बिल जमा झाले की गट कार्यालयात आणखी एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, पोरानं मोबाईलवर गाडी बघितली. इथल्यापेक्षा पनवेलला स्वस्त दाखवतंय. घ्यावी का?" आपल्या कित्येक सभासदांची मुले, जावई घाटाखाली पनवेल, उरण, पेण, अलिबाग भागात नोकरीधंद्यासाठी आहेत. त्यामुळे तिकडच्या नव्या-जुन्या गाड्यांचे भाव घरबसल्या कळतात, आणि मोह होतो. वर्षभराच्या घामाचा पैसा एका सहीने जाणार असल्याने या विषयाची माहिती सभासदांना असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

पूर्वीची परिस्थिती

शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव साखरधंद्यात कोणाला सांगायला नको. वालचंदनगर आणि रावळगावचे कारखाने त्यांचे. त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिच्या मोटारी तयार होत. त्या काळी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडर हवी असेल तर नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डीलरशी घासाघीस करण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी मिळाली हेच नशीब. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि १९९१ नंतर परदेशी कंपन्याही आल्या. गाड्या भरपूर झाल्या, परंतु खरा भाव मात्र डीलरच्या तोंडीच राहिला. एकाच गावच्या दोन माणसांना एकच गाडी दोन भावांनी मिळे.

यात फरक पडला तो संगणक आणि मोबाईलमुळे. २००५ साली नवी मुंबईत 'कारवाले' सुरू झाले, २००८ मध्ये जयपूरचे 'कारदेखो' आणि २००९ मध्ये 'कारट्रेड' आले. पुढे २०१५ साली कारट्रेडने कारवाले विकत घेतले. या ठिकाणी सर्व कंपन्यांच्या गाड्या शेजारी शेजारी मांडून किंमत, मायलेज आणि सोयी पाहता येतात. ट्रॅक्टरसाठीही अशी स्थळे निघाली आहेत.

फायदा कोणाचा?

फायदा निश्चित आहे, आणि तो सर्वांत जास्त आहे भाव करता न येणाऱ्या माणसाचा. अमेरिकेत 'ऑटोबायटेल' नावाची अशी सेवा १९९५ पासून होती. तिच्यामार्फत गाडी घेणाऱ्यांना सरासरी २ टक्के कमी किंमत पडली, असे तेथील अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली दाखवून दिले. त्याच अभ्यासकांनी पुढे २००३ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. शोरूममध्ये जाऊन घेताना कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक ग्राहकांना इतरांपेक्षा सुमारे २ टक्के जास्त मोजावे लागत होते. संगणकावरून भाव मागवला की हा फरक जवळजवळ नाहीसा होई. समोरचा माणूस कसा बोलतो, कसे कपडे घालतो, हे विकणाऱ्याला दिसत नसल्याने त्याला सगळ्यांना सारखाच भाव सांगावा लागतो.

आपल्याकडेही हेच घडते. धोतर-टोपीत शोरूमला गेलेल्या सभासदाच्या हातात दोन-तीन ठिकाणचे भाव असले की समोरचा सेल्समन जरा सांभाळून बोलतो. ७ लाखांच्या गाडीत २ टक्के म्हणजे १४,००० रुपये होतात. ही रक्कम लहान नाही.

ही सेवा फुकट कशी परवडते?

गाडी पाहणाऱ्याकडून ही मंडळी पैसे घेत नाहीत. मग चालतात कशावर? मुख्यतः जाहिरातींवर, आणि डीलर व कंपन्यांना गिऱ्हाइकांची नावे पुरवण्यावर. आपण "ऑन-रोड किंमत पाहा" येथे मोबाईल नंबर भरला की तो डीलरकडे जातो. धंद्याच्या भाषेत त्याला 'लीड' म्हणतात. तासाभरात चार फोन येतात ते यामुळेच. यात लबाडी आहे असे नव्हे. पण जो गिऱ्हाइकाचे नाव मिळवण्यासाठी पैसे मोजतो, तो ते कोठून तरी वसूल करणार, हे उघड आहे.

डीलरची बाजू

डीलरवरही याचा भार पडला आहे. पूर्वी पेणचा माणूस पेणच्या किंवा पनवेलच्या शोरूमलाच जाई. मार्च २०२० पासून मांडवा ते भाऊचा धक्का अशी मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू उघडला. अलिबाग-उरणचे गिऱ्हाईक आता मुंबईचा भावही मोबाईलवर पाहते आणि गाडी आणायला मुंबईला जाऊ शकते. मोठ्या शहरातील डीलर जास्त गाड्या विकून थोड्या नफ्यावर भागवतो. लहान गावच्या डीलरला ते जमत नाही.

भावात मार्जिन उरले नाही की डीलर ते विम्याचे कमिशन, कर्जाचे कमिशन, ॲक्सेसरीज आणि सर्व्हिसिंग यांतून काढतो. नेमक्या याच बाबी मोबाईलवरील तुलनेत नीट दिसत नाहीत. शिवाय जवळचा डीलर धंदा न परवडल्याने बंद झाला, तर किरकोळ दुरुस्तीलाही पन्नास-साठ किलोमीटर जावे लागेल, हेही ध्यानात ठेवावे. हजार-दोन हजारांचाच फरक असेल तर जवळचा बरा.

एफआरपीसारखाच हिशोब

हा मुद्दा ऊस उत्पादकास लगेच समजेल. २०२५-२६ हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये ठरली. परंतु आपल्या खात्यावर रक्कम पडते ती उताऱ्याप्रमाणे हिशोब होऊन आणि तोडणी-वाहतूक वजा जाऊन. केवळ जाहीर दर पाहून दोन कारखान्यांची तुलना कोणी शहाणा शेतकरी करत नाही. तसेच एक्स-शोरूम भावावरून गाडीची तुलना करू नये.

उदाहरणादाखल समजा, एका पेट्रोल गाडीचा एक्स-शोरूम भाव ७,००,००० रुपये आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या १० लाखांच्या आतील पेट्रोल गाडीस ११ टक्के रोड टॅक्स आहे. म्हणजे ७७,००० रुपये. तो दोन्हीकडे सारखाच.

पहिला डीलर १५,००० रुपये सूट देतो. पण विमा ४२,०००, ॲक्सेसरीज १८,००० आणि 'हँडलिंग' म्हणून ६,००० लावतो. एकूण ८,२८,००० रुपये.

दुसरा डीलर काहीच सूट देत नाही. विमा २९,००० आणि ॲक्सेसरीज ६,००० लावतो. एकूण ८,१२,००० रुपये.

मोबाईलवर पहिला डीलर १५,००० रुपयांनी स्वस्त दिसला, परंतु प्रत्यक्षात तो १६,००० रुपयांनी महाग पडला. विमा डीलरकडूनच घ्यावा असा कायदा नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो कोणत्याही मान्य कंपनीचा चालतो. 'हँडलिंग' हा सरकारी कर नव्हे; ते कशाबद्दल, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

कर्जाचेही तसेच. ६ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये बसतो. ७ वर्षे केली की हप्ता सुमारे ९,६५५ वर येतो आणि स्वस्त वाटतो, पण एकूण फेड सुमारे ६३,५०० रुपयांनी वाढते. त्यात मोटारीचा हप्ता महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो; उसाचे बिल काही दरमहा येत नाही. ज्यांच्या घरी दूध किंवा पगाराचे उत्पन्न नाही, त्यांनी हा विचार आधी करावा.

भावाची तारीख पाहा

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ टक्के व सेस यांऐवजी १८ टक्के झाला, आणि ट्रॅक्टरवरील १२ वरून ५ टक्के झाला. त्या दिवशी आधीची सगळी कोटेशने रद्दी झाली. म्हणून मोबाईलवरील भाव कोणत्या तारखेचा व कोणत्या शहराचा आहे, हे पाहूनच धरावा.

तुलना केव्हा निरुपयोगी ठरते?

डीलरला वेगळा भाव देण्याची मोकळीक असेल तरच तुलनेला अर्थ आहे. मुंबई वगळता महाराष्ट्र व गोवा या विभागातील विक्रीबाबत आलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकी कंपनीची चौकशी केली. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सूट देण्यास कंपनी डीलरना अटकाव करते, असा निष्कर्ष काढून आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये २०० कोटी रुपये दंड ठोठावला. कंपनीने त्यावर अपील केले. दुसरा मार्ग चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने २०२१ मध्येच धरला: गाडी कंपनीनेच देशभर एका भावाने विकायची, डीलरला फक्त कमिशन. तेथे दहा शोरूम फिरून भावात फरक पडत नाही. म्हणून सगळीकडे एकच भाव दिसला तर वेळ न दवडता विमा, कर्ज आणि सेवा यांचीच तुलना करावी.

किनाऱ्यावरची जुनी गाडी

जुन्या गाडीत जास्त सावधगिरी हवी. मोबाईलवर अलिबाग-मुरूडकडच्या एम.एच. ०६ पासिंगच्या गाड्या दिसतात. काही गाड्या शनिवार-रविवारपुरत्याच वापरलेल्या, कमी किलोमीटर झालेल्या असतात. त्या खरोखर चांगल्या निघतात. पण समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा खालून गंजतो, आणि फोटो काढतात वरून. गाडी रॅम्पवर चढवून चेसिस, ब्रेकचे पाईप, दरवाजांच्या खालच्या कडा आणि डिकीतील स्टेपनीची खोबण पाहावी.

दुसरी धास्ती पुराची. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले, असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. बुडालेली गाडी पुसूनपासून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, सीटखालचे स्क्रू आणि मॅटखालचा पत्रा तपासावा, पूर्वी विम्याचा क्लेम झाला का ते विचारावे. आर.सी. बुकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा. त्याची पाचशे-हजाराची मजुरी वाया जात नाही.

आपली जुनी गाडी विकताना

येथेही दोन-तीन ठिकाणचे भाव घ्यावेत. मात्र पैसे मिळाले आणि चावी दिली म्हणजे सुटलो, असे समजू नये. नावावर गाडी आहे तोपर्यंत अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावर येऊ शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे. फॉर्म २९ व ३० भरून नाव बदलल्याची खात्री करावी. गाडी अधिकृत व्यापाऱ्यास देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेला फॉर्म २९-सी भरून द्यावा. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नयेत.

सारांश

मोबाईलवरची तुलना जरूर करावी. तिने भाव कळतो आणि फसगत कमी होते. परंतु तिचा उपयोग बोलणी सुरू करण्यापुरता आहे. किमान दोन डीलरकडून रोड टॅक्स, विमा, ॲक्सेसरीज व इतर आकार वेगवेगळे दाखवणारे लेखी कोटेशन घ्यावे आणि तुलना सर्वांत खालच्या आकड्याची करावी. जो डीलर लेखी द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडे ॲडव्हान्स भरू नये. ज्या सभासदांना हा हिशोब अवघड वाटेल त्यांनी दोन्ही कोटेशने घेऊन गट कार्यालयात यावे. आमचे शेतकी कर्मचारी ओळीने आकडे मांडून दाखवतील. मात्र हे ॲडव्हान्स भरण्यापूर्वी करावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी