आमंत्रण शिकविणाऱ्यांना

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या परिषदा भरतात, तेव्हा संयोजक काही महिने आधी एक जाहीर आवाहन करतात. त्यात व्याख्यात्यांबरोबर 'पाठ' घेणाऱ्यांनाही बोलावलेले असते. व्याख्यान अर्ध्या-पाऊण तासात संपते; पाठ काही तास चालतो आणि त्यात शिकणारा स्वतः यंत्रापुढे बसून करून पाहतो. 'पायथन' या संगणकभाषेची भारतीय परिषद २००९ साली बंगलोरला सुरू झाली, २०११ साली ती पुण्यात भरली. अशा आमंत्रणांना रायगडच्या किनाऱ्यावरून उत्तर का जाऊ नये?

'आम्ही काय शिकविणार?' असा संकोच येथे आड येतो. परंतु असे आवाहन उमेदवाराला काय विचारते, ते पाहावे. पाठ कोणासाठी आहे, त्यांना आधी काय येत असावे, शेवटी त्यांना काय करता येईल आणि वेळेची वाटणी कशी, एवढेच मुख्यतः विचारलेले असते. हे तर पाठटाचण झाले! ज्या शिक्षकाने वर्षानुवर्षे पाठटाचणे लिहिली, त्याला ही विद्या नवी नाही. उलट, उत्तम आज्ञावली लिहिणाऱ्या अनेकांना नवशिक्याची अडचण कोठे आहे हेच उमगत नाही.

मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाने हे मर्म ओळखले. सुमारे दहा मिनिटांचा एकेक पाठ. त्याची संहिता आधी लिहावयाची आणि ध्वनिमुद्रणापूर्वी त्या विषयात कोऱ्या असलेल्या माणसाकडून ती तपासून घ्यावयाची. नवशिका जेथे अडला, तेथे दोष त्याचा नव्हे, संहितेचा. हे पाठ मराठीतही ऐकावयास मिळतात.

विषयाची वाण आपल्या किनाऱ्याला नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जावयाचे तर ओहोटी गाठावी लागते. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना आडाखा तिथीच्या पाऊणपटीचा आहे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. हा हिशेब चार ओळींच्या आज्ञावलीत बसतो. २००८ साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यातील राशीला 'तिथी' हे नाव देवनागरीत देता येते. त्या भाषेचे मूळ शब्द व चुकांच्या सूचना इंग्रजीतच राहतात, हे खरे; पण विचार मराठीत करण्यास त्यांची आडकाठी नाही. मग आडाख्याचे उत्तर छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून पाहावे. दोहोंत थोडेफार अंतर पडते. ते का पडते, हा विचार सुरू झाला की पाठ सार्थकी लागला. कचेरीतील लेखनिकाला पगारपत्रक किंवा आवक-जावक नोंदवहीवरून असाच पाठ रचता येईल.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेच्या मधल्या टप्प्यापासूनच आज्ञावली-लेखनाची ओळख सुचविली आहे. ती करून देणारे शिक्षक मुरूडला, श्रीवर्धनला कोठून यावयाचे? पनवेल-मुंबईच्या शिकवण्यांची फी व प्रवासखर्च ज्याला परवडतो, तो शिकेल. मासळीवर घर चालविणाऱ्याची मुलगी मागे राहील. लोणेरे येथे १९८९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. त्याने व किनाऱ्यावरील महाविद्यालयांनी सुटीत दोन दिवसांचा मेळावा भरवावा आणि पाठ घेणाऱ्यांना मराठीतून जाहीर आमंत्रण द्यावे. अर्ज एका पानाचा असावा, प्रवासखर्च व अल्प मानधन द्यावे आणि प्रत्येक पाठ आधी एका नवशिक्यापुढे वाचून दाखवावा. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर येथील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. तेव्हा सर्व साहित्य आधीच यंत्रांवर उतरवून ठेवावे. पाठ इंटरनेटवर अवलंबून ठेवू नये.

व्याख्यानमाला भरवून विद्वानांना ऐकण्याची आपली परंपरा जुनी व आदरणीय आहे. पण ऐकलेले हातात उतरावयाचे, तर शेजारी बसून चूक दाखविणारा कोणीतरी लागतो. असा माणूस पुष्कळदा आपल्याच गावात असतो. त्याला कोणी बोलावलेले नसते, एवढेच.