नांदेडची विहीर आणि आरोग्याचा जमाखर्च

पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जानेवारी २०२५ मध्ये उद्भवलेल्या साथीची आठवण आता शहरातून ओसरू लागली आहे. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांतील धडधाकट माणसांना आधी जुलाब झाले, आणि पुढे काही दिवसांतच त्यांच्या हातापायांतील शक्ती जाऊ लागली. कित्येकांना श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागला, काही दगावले. गुलेन-बॅरे सिंड्रोम हे एरवी केवळ मज्जातंतूतज्ज्ञांच्या तोंडी असणारे नाव घरोघरी पोचले. संशयित रुग्णांची संख्या काही आठवड्यांत दोनशेच्या घरात गेली. केंद्राचे पथक आले, मंत्र्यांचे दौरे झाले, मोफत उपचारांच्या घोषणा झाल्या. पुढे साथ उतरली आणि विषय संपला असे सर्वांनी मानले. आरोग्याच्या अर्थकारणाचा विचार करणाऱ्याला मात्र विषय तेथूनच सुरू होतो असे म्हणावे लागते.

हा रोग स्वतः एकाकडून दुसऱ्याला होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या जंतूशी लढताना गोंधळते आणि स्वतःच्याच मज्जातंतूंवर घाव घालते. त्या आधीच्या संसर्गांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा आतड्याचा जंतू अग्रभागी असतो. पुण्यातील रुग्णांपैकी काहींच्या नमुन्यांत हाच जंतू राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला आढळला. तो दूषित पाण्यातून येतो, तसाच अर्धवट शिजलेल्या कोंबडीच्या मांसातूनही येतो. त्यामुळे प्रत्येक रुग्णाचे खापर पाण्यावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि, या जंतूची बाधा झालेल्या साधारण हजारांतील एखाद्यालाच हा पक्षाघात होतो असा वैद्यकाचा अनुभव आहे. म्हणजे इस्पितळात पोचलेल्या रुग्णांमागे जुलाबाने चार दिवस घरी पडून राहिलेली, रजा आणि रोजगार बुडालेली किती माणसे असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. त्यांची नोंद कोठेही नाही.

आता उपचारांचा हिशेब पाहावा. रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून तयार होणारे इम्युनोग्लोब्युलिन हे या रोगावरील प्रमुख औषध. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे एकूण दोन ग्रॅम या प्रमाणात ते बहुधा पाच दिवसांत विभागून दिले जाते. साठ किलो वजनाच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस कुप्या लागतात, आणि एकेका कुपीची किंमत हजारांत असते. त्यावर अतिदक्षता विभागाचे भाडे. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घरात एवढी रक्कम चार दिवसांत कोठून उभी राहावी? शासनाने पुणे महापालिका हद्दीतील रुग्णांसाठी कमला नेहरू रुग्णालयात, पिंपरी-चिंचवडसाठी यशवंतराव चव्हाण रुग्णालयात आणि ग्रामीण भागासाठी ससूनमध्ये मोफत उपचारांची सोय जाहीर केली, हे योग्यच झाले. मोफत याचा अर्थ मात्र बिनखर्ची असा होत नाही. खर्चाचा भार रुग्णाकडून करदात्याकडे गेला, इतकेच.

हा खर्च ज्यातून उद्भवला ते पाणी कसे पोचत होते? नांदेड (मराठवाड्यातील शहर नव्हे, खडकवासल्याच्या पायथ्याचे गाव) येथील एका विहिरीत धरणाचे पाणी येई. त्यात क्लोरीन मिसळून ते आसपासच्या वस्त्यांना पुरवले जाई. गाळण्याची, निवळण्याची यंत्रणा तेथे नव्हती. ही गावे २०२१ मध्ये ज्या तेवीस गावांसह महापालिकेत आली, त्यांची लोकसंख्या तोवर कित्येक पटींनी वाढली होती, आणि कर आधी की सुविधा आधी हा वाद चालूच होता. ज्यांना परवडे ते आर.ओ.चे जार विकत घेत. साथीनंतर तपासणी झाली तेव्हा अशा खासगी केंद्रांतील पाण्यातही दोष निघाले आणि अनेक केंद्रांना टाळे लागले. ज्या शहरात राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आहे, जगाला लसी पुरवणारी सीरम इन्स्टिट्यूट आहे, ज्याच्या डोक्यावर चार धरणे आहेत, त्या शहराच्या वेशीवर शुद्ध पाण्याची ही अवस्था असावी, हा विरोधाभास किरकोळ नाही. कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहराच्या हौदांत आणणाऱ्या नानासाहेब पेशव्यांच्या काळाशी तुलना करण्याचा मोह येथे आवरणेच बरे.

प्रश्न केवळ दुर्लक्षाचा नाही. आपल्या सार्वजनिक हिशेबाची ठेवणच अशी आहे की, इम्युनोग्लोब्युलिनची कुपी 'आरोग्य' या शीर्षाखाली पडते आणि जलशुद्धीकरण केंद्र 'पाणीपुरवठा' या शीर्षाखाली. माणसे जितकी अधिक आजारी पडतील तितका आरोग्यावरचा खर्च वाढलेला दिसतो, आणि तो वाढल्याबद्दल अभिनंदनही होते. जो आजार झालाच नाही, त्याच्यासाठी कोणत्याही ताळेबंदात रकाना नाही. विमा योजनांतही हाच दोष राहतो. त्या रुग्णाला कर्जापासून वाचवतात आणि म्हणून त्या हव्यातच. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चाचा ६४ टक्के भाग लोक थेट स्वतःच्या खिशातून करीत होते. २०२१-२२ मध्ये ते प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु विमा इस्पितळाचे देयक भागवतो. विहिरीचे पाणी तो गाळीत नाही. देयकांची संख्या कमी करणारी व्यवस्था नसेल, तर अशी कोणतीही योजना फार काळ पेलवणारी नाही, मग तिच्यामागे कितीही सधन राज्य असो.

न्यूझीलंडसारख्या श्रीमंत देशालाही हा धडा पुरेशी किंमत मोजूनच मिळाला. तेथील हॅव्हलॉक नॉर्थ या सुमारे चौदा हजार वस्तीच्या गावात ऑगस्ट २०१६ मध्ये मुसळधार पावसानंतर मेंढ्यांच्या लेंड्यांतील हाच कॅम्पायलोबॅक्टर पाणीपुरवठ्याच्या कूपनलिकेत शिरला. पाणी स्वच्छच असते या विश्वासाने त्यात क्लोरीनही मिसळले जात नव्हते. पाच हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. मृत्यू झाले, आणि मोजक्या रुग्णांना गुलेन-बॅरेनेही गाठले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. सरकारने चौकशी नेमलीच, शिवाय साथीच्या आर्थिक हानीचा हिशेब करविला. तो सुमारे २ कोटी १० लाख डॉलर भरला, आणि त्यातील निम्म्याहून अधिक भार कुटुंबांनी बुडालेल्या कामाच्या दिवसांच्या आणि त्रासाच्या रूपाने सोसला होता. पुढे पाण्याच्या दर्जावर देखरेख करणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि २०२१ मध्ये नवा कायदा झाला. हानीचा आकडा समोर मांडल्यामुळे शुद्धीकरणाचा खर्च उधळपट्टी आहे असे म्हणणे तेथे कठीण झाले असावे.

पुण्याला साथी नव्या नाहीत. १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुल्यांना मरण आले. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी याच शहरात गेला. मार्च २०२० मध्ये राज्यातील पहिले करोनारुग्ण नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्याच वर्षी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर काही आठवड्यांत शेकडो खाटांचे जम्बो रुग्णालय उभे राहिले आणि यथावकाश उतरवलेही गेले. संकटात पैसा मिळतो, वेगही मिळतो. संकट नसताना कनिष्ठ अभियंत्याने पाण्याचा नमुना रोज तपासावा, आशा सेविकेने जुलाबाच्या रुग्णांची नोंद त्याच दिवशी वर कळवावी, यासाठी लागणारी मामुली तरतूद मात्र दरवर्षी आधी कापली जाते. जामखेडला रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या हाती हेच काम सोपवून दाखवले. अल्मा आटा येथे १९७८ मध्ये जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा पुकारा केला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दोन-तृतीयांश किंवा अधिक निधी प्राथमिक सेवेला द्यावा असे म्हटले. कागदावर मतभेद उरलेला नाही.

तेव्हा निदान हिशेब तरी एकत्र मांडावा. महापालिकेने अंदाजपत्रकासोबत एक साधे परिशिष्ट जोडावे: समाविष्ट गावांत कोणत्या दिवशी पाण्याचे किती नमुने तपासले, किती दूषित निघाले, पाण्यातून होणाऱ्या रोगांवर पालिकेचे व शासनाचे किती रुपये गेले, आणि त्या गावांतील शुद्धीकरणाची कामे कोणत्या टप्प्यावर आहेत. हे चारही आकडे वेगवेगळ्या खात्यांत आजही असतात. ते शेजारी शेजारी छापले, तर नगरसेवकाला आणि मतदारालाही त्यांची बेरीज-वजाबाकी करता येईल.

पाचवा आकडा मिळणे अवघड आहे. गुलेन-बॅरेतून वाचलेले बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आधाराविना चालू लागतात, काहींना वर्ष आणि अधिकही लागते. या काळात त्यांना फिजिओथेरपी लागते, घरातील एक माणूस कामावर जाऊ शकत नाही, मुलांची शाळा कधीकधी बदलते. विहिरीवर वाचवलेले पैसे भरण्याचे काम अद्याप ही घरे करीत आहेत.