कवळीचे मऊ अस्तर का सुटते?

दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, खालचे तर जास्तच. त्या अरुंद कडेवर कडक कवळी दाबली गेली की हिरडी सोलवटते आणि आजी-आजोबा पातळ भातावर येतात. अशांना कवळीच्या आतून मऊ अस्तर लावून देतात. अडचण असते ती ते चिकटून राहण्याची.

कवळीचा गुलाबी भाग ॲक्रिलिकचा असतो. अस्तरही ॲक्रिलिकचे असेल, तर दोन्ही एकाच जातीची असल्याने ती एकमेकांत मुरतात आणि जोड पक्का बसतो. मात्र अस्तराला मऊ ठेवणारे द्रव्य लाळेत हळूहळू झिरपून जाते आणि ते कडक होते. सिलिकॉनचे अस्तर जास्त काळ मऊ राहते; पण ॲक्रिलिकशी त्याचे रासायनिक नाते नाही. म्हणून कवळी आतून खरवडून, स्वच्छ व कोरडी करून आधी खास चिकटद्रव्य लावावे लागते. तिथे लाळ किंवा ओल राहिली तर जोड कच्चा राहतो.

कड सुटली की फटीत अन्नकण अडकतात, कॅन्डिडा बुरशी वाढते, हिरडी लाल होते. मधुमेहींना हा त्रास लवकर होतो. घरातल्या झटपट गोंदाने कड चिकटवून आणणारे महाभागही भेटतात! तो गोंद तोंडासाठी नसतो, शिवाय कवळीची बैठक बिघडते. उकळते पाणी आणि कडक ब्रशही नको. मऊ ब्रशने धुवून कवळी रात्री साध्या पाण्यात ठेवावी. कड उचललेली दिसली, तर दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याला दाखवावी.