हंबरडा : गोठ्यातून आलेला शब्द

अपघाताच्या बातमीत एक वाक्य हमखास भेटतं : 'मृतदेह पाहताच नातेवाइकांनी एकच हंबरडा फोडला.' हे वाक्य इतक्या वेळा छापून आलं आहे, की आपली नजर त्यावर क्षणभरही थांबत नाही. आज मला या 'हंबरडा' शब्दापाशी थोडं थांबायचं आहे.

हा शब्द मुळात माणसाचा नव्हे, गोठ्यातला. गाईच्या ओरडण्याला संस्कृतात 'हम्भा' म्हणतात. आवाजावरूनच घडलेला हा शब्द. उच्चारून पाहा, गाय समोर उभी राहील. त्याच आवाजातून आपलं 'हंबरणं' आलं आणि हंबरण्यातून 'हंबरडा'. वासरू नजरेआड झालं, की गाय मान उंचावून, सगळा जीव गोळा करून ओरडते. गुरांच्या सोबतीनं जगणाऱ्यांच्या भाषेनं तोच शब्द लेकरू गमावलेल्या आईला दिला.

म्हणून हंबरडा म्हणजे नुसतं मोठ्यानं रडणं नाही. ती हाक आहे. आणि जिला 'ओ' मिळणार नाही, अशी हाक आहे.

शोकाच्या आवाजांत मराठीनं किती बारकावे जपले आहेत! हुंदका दाटून येतो. तो आवरता येतो, गिळताही येतो. 'गळा काढला' म्हटलं, की ऐकणाऱ्याला त्या रडण्याविषयी थोडी शंका येते. हंबरडा मात्र फुटतो, बांध फुटावा तसा.

'आक्रोश' या शब्दातही हाकच दडली आहे. 'क्रुश्' म्हणजे ओरडणे. त्याच धातूपासून 'क्रोश' झाला, म्हणजे हाक ऐकू जाईल एवढं अंतर. आपला 'कोस' तो हाच. आज मोर्चाच्या फलकावर 'जनआक्रोश' लिहिलेलं असतं, तिथं दुःखापेक्षा संताप अधिक असतो. शब्द असे जागा बदलतात.

हंबरडा आपली जागा सोडेल, अशी मला धास्ती वाटते. शहरात वाढलेल्या कितीतरी मुलांनी वासरासाठी हंबरणारी गाय कधी ऐकलेलीच नाही. त्यांच्यापुरता हा केवळ बातमीतला ठरीव शब्द. तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की जिथं कुणी खरोखर गेलेल्या माणसाला हाक मारत असेल, तिथंच हा शब्द वापरावा. एरवी 'ते रडले' एवढं पुरेसं आहे.