कापलेलं अपेंडिक्स फेकू नका

पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखू लागलं, ताप आला, उलट्या झाल्या की अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर आणि सीमेपलीकडच्या इंडीपासूनचे रुग्ण सोलापूर गाठतात. 1963 साली इथे सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं 'सिव्हिल', हा त्यातल्या अनेकांचा पहिला आधार. अपेंडिक्स काढणं हे सर्जनच्या हातचं रोजचं काम. पण काढलेल्या शंभरेक अपेंडिक्समध्ये साधारण एकात गाठ निघते, आणि बहुतेक वेळा ती शस्त्रक्रिया उरकल्यावरच कळते.

गाठी कोणत्या?

सगळ्या गाठी सारख्या नसतात. पूर्वी जिला कार्सिनॉइड म्हणत ती न्यूरोएंडोक्राइन गाठ बहुधा लहान आणि सौम्य वागणारी. दुसरी श्लेष्माची गाठ: अपेंडिक्स चिकट द्रवाने फुगतं. ते पोटात फुटलं, तर त्या पेशी आतड्यांच्या आवरणावर रुजतात आणि जेलीसारखा द्रव साठत जातो. या आजाराला स्यूडोमिक्सोमा म्हणतात. अभिनेत्री ऑड्री हेपबर्न 1993 मध्ये अपेंडिक्सपासून सुरू झालेल्या अशाच आजाराने गेल्या. तिसरा म्हणजे खरा कर्करोग, अ‍ॅडेनोकार्सिनोमा. न्यूरोएंडोक्राइन आणि कर्करोग यांच्या मधल्या रूपाची 'गॉब्लेट सेल' गाठही असते; तिला कर्करोगच समजून चालावं लागतं.

आधी संशय कधी घ्यायचा?

तिशीच्या आतला रुग्ण, दोन दिवसांचं दुखणं, सुजलेलं अपेंडिक्स: इथे फार विचार करायची गरज नाही. रुग्ण चाळिशीच्या पुढचा असला आणि उजव्या बाजूला गोळा लागत असला, तर मात्र थांबावं. आपल्या भागात अशा गोळ्यामागे आतड्याचा क्षयही असू शकतो किंवा मोठ्या आतड्याच्या सुरुवातीचा कर्करोग. सोनोग्राफीत अपेंडिक्सची जाडी 15 मिलिमीटरच्या पुढे गेली, आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले, तर श्लेष्माच्या गाठीचा संशय पक्का धरून शक्य तिथे सीटी स्कॅन करावा. अशा गाठीत सुई घालून पाणी काढून बघण्याचा मोह मात्र टाळावा. सुईच्या वाटेने तो श्लेष्मा पोटात सांडतो.

अपेंडिक्सचा गोळा झाला की अँटिबायोटिक देऊन तो बसू द्यायचा, ही आपल्याकडची जुनी आणि योग्य पद्धत. पण गोळा बसला म्हणजे प्रश्न मिटला असं समजून रुग्ण परत येत नाही. फिनलंडमध्ये पू होऊन बसलेल्या अशा रुग्णांवर एक चाचणी झाली. 2019 साली छापलेल्या तिच्या अहवालानुसार 60 पैकी 12 जणांमध्ये, म्हणजे पाचात एकाला, गाठ निघाली, आणि ते सगळे चाळिशीपुढचे होते. आकडा छोट्या गटाचा आहे, तरी चाळिशीपुढच्या रुग्णाला काही आठवड्यांनी बोलावून स्कॅन किंवा दुर्बिणीने आतड्याची तपासणी करायला आणि अपेंडिक्स काढून टाकायला तो पुरेसा आहे.

टेबलावर

पोट उघडल्यावर अपेंडिक्स अनपेक्षित फुगलेलं दिसलं, तर घाई हा सगळ्यात मोठा शत्रू. चिमट्याने थेट अपेंडिक्स पकडू नये. त्याची पडदी धरून ते उचलावं. दुर्बिणीने काम चाललं असेल आणि पकड नीट बसत नसेल, तर पोटावर चीर देण्यात कमीपणा नाही. अपेंडिक्स पिशवीत घालूनच बाहेर काढावं. महागडी तयार पिशवी नसली, तर निर्जंतुक हातमोज्याचं मनगट बांधून अनेक सर्जन काम भागवतात, आणि ते चालतं. मग आतड्याचा बुडखा, ओमेंटम, स्त्रियांमध्ये अंडाशय नजरेखालून घालावेत, श्लेष्मा सांडलेला दिसला तर त्याचा नमुना वेगळा ठेवावा आणि हे सगळं नोंदीत लिहावं.

रात्री दोन वाजता, रक्ताची सोय नसताना, नुसत्या संशयावर अर्धं मोठं आतडं काढण्याचं धाडस करू नये. अपेंडिक्स न फोडता बाहेर आलं असेल, तर पुढची मोठी शस्त्रक्रिया रिपोर्ट आल्यावर, रुग्णाशी बोलून, नीट तयारीने करता येते.

बरणी आणि रिपोर्ट

माझ्या मते साधनं तुटपुंजी असलेल्या रुग्णालयात सगळ्यात मोलाची वस्तू स्कॅन मशीन नाही, तर दहा टक्के फॉर्मेलिनची बरणी. अपेंडिक्स नुसतं सलाइनमध्ये राहिलं तर पेशी सडतात. फॉर्मेलिन अवयवाच्या दहापट तरी हवं, बरणीवर नाव आणि तारीख हवी. पॅथॉलॉजिस्टने टोक आणि बुड दोन्ही तपासावेत. न्यूरोएंडोक्राइन गाठींपैकी सुमारे दोन तृतीयांश टोकाशी असतात. मधलाच तुकडा पाहिला तर त्या सुटतात.

खरी गळती यानंतर होते. रिपोर्ट यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर टाके काढून रुग्ण गेलेला असतो. ऊसतोडीच्या हंगामात तर तो दुसऱ्याच कारखान्याच्या फडात असतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर रिपोर्ट घ्यायला यायची तारीख लिहावी आणि घरातल्या एकाचा तरी चालू फोन नंबर घ्यावा.

किती कापायचं?

एक सेंटिमीटरहून लहान न्यूरोएंडोक्राइन गाठ पूर्ण निघाली असेल, तर दुसरं काही लागत नाही. दोन सेंटिमीटरहून मोठी असेल, तर उजव्या बाजूचं मोठं आतडं लसिका ग्रंथींसह काढतात. मधल्या मापाचा निर्णय ती बुडाशी आहे का, पडदीत किती खोल शिरली, पेशी किती वेगाने वाढताहेत यावर ठरतो. श्लेष्माची गाठ न फुटता, बुड स्वच्छ राहून निघाली तर ठरावीक मुदतीने स्कॅन पुरतो. कर्करोग निघाला की उजवं आतडं काढण्याला सहसा पर्याय नसतो.

पुढे कुठे?

बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तिथेच 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली 346 गावं तिने हाती घेतली. पण बरणीतच न गेलेलं अपेंडिक्स कुठल्याच नोंदवहीत येत नाही. खर्चासाठी आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिचं आधीचं रूप जुलै 2012 मध्ये सुरू झालं, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. पोटभर पसरलेल्या श्लेष्मासाठी मात्र सगळी आवरणं सोलून काढून 41 ते 43 अंशांचं गरम औषध पोटात फिरवावं लागतं. ते मुंबईच्या टाटासारख्या मोठ्या केंद्रांचं काम. वाटेत कोणी अर्धवट प्रयत्न करू नये.

तिकडे जाताना शस्त्रक्रियेची नोंद, स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक सोबत न्यावा. ब्लॉक हरवला, तर पुन्हा तपासायला अपेंडिक्स उरलेलं नसतं.