तबकडी-संच

तबकडी-संच : एकाच सर्व्हरला जोडलेल्या अनेक माहिती-तबकड्यांचा (हार्ड डिस्कचा) असा समूह, की जो प्रचालन प्रणालीला एकच मोठी तबकडी म्हणून दिसतो. संचाच्या बहुतेक प्रकारांत एखादी तबकडी निकामी झाली, तरी त्यावरील माहिती शाबूत राहते. मूळ इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘रेड’ असे म्हणतात. जाळ्यातील इतर संगणकांना माहिती पुरविणारा व रात्रंदिवस चालू राहणारा संगणक म्हणजे सर्व्हर होय. त्याला पुष्कळदा स्वतःचा पडदा व माऊस नसतो. दुसऱ्या संगणकावरून एकेक आज्ञा अक्षरांत टंकलिखित करून तो चालवावा लागतो. या पद्धतीस कमांड लाइन म्हणतात. संचाची रचना, आज्ञांनी केले जाणारे त्याचे व्यवस्थापन आणि त्याच्या मर्यादा यांचे विवरण प्रस्तुत नोंदीत केले आहे.

इतिहास : आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये तयार केलेल्या पहिल्या तबकडी-यंत्रणेत सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या एकाच आसावर फिरत असत व तीत सु. ५० लक्ष अक्षरे साठविता येत. गमावलेली माहिती उरलेल्या घटकांवरून पुन्हा मिळविण्याच्या पद्धतीचे एकस्व याच कंपनीतील नॉर्मन ऊची यांना १९७८ मध्ये मिळाले. या कल्पनांना व्यवस्थित रूप दिले, ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी. एका महागड्या मोठ्या तबकडीऐवजी अनेक लहान व स्वस्त तबकड्या वापराव्यात, असे त्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सुचविले व पाच प्रकारांचे वर्गीकरण केले. नावातील ‘स्वस्त’ या अर्थाच्या शब्दाची जागा पुढे उद्योगक्षेत्रात ‘स्वतंत्र’ या अर्थाच्या शब्दाने घेतली.

तत्त्वे व प्रकार : संचाची उभारणी तीन तत्त्वांवर होते. (१) विभाजन : माहितीचे लहान तुकडे करून ते निरनिराळ्या तबकड्यांवर आळीपाळीने लिहिले जातात, त्यामुळे वेग वाढतो. (२) प्रतिबिंबन : तीच माहिती दोन तबकड्यांवर जशीच्या तशी लिहिली जाते. (३) समता : अनेक तबकड्यांवरील अंकांवरून एक जादा अंक काढून तोही साठविला जातो. उदा., तीन तबकड्यांवर एकाच स्थानी अनुक्रमे १, ० व १ हे द्विमान अंक असतील, तर एकांची संख्या सम राहावी म्हणून चौथ्या तबकडीवर ० लिहिला जातो. दुसरी तबकडी गेली, तर उरलेल्या १, १ व ० यांवरून हरवलेला अंक ० होता, हे निश्चित करता येते.

रेड ० या प्रकारात केवळ विभाजन असते. त्यात एक तबकडी गेली, तरी सर्व माहिती जाते. म्हणून जपण्याजोग्या माहितीसाठी तो वापरू नये. रेड १ मध्ये प्रतिबिंबन, रेड ५ मध्ये तबकड्यांवर विखुरलेली एक समता, तर रेड ६ मध्ये दोन स्वतंत्र समता असतात. रेड १० मध्ये प्रतिबिंबन व विभाजन एकत्र येतात. प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार तबकड्या घेतल्यास रेड ५ मध्ये १२ टेराबाइट जागा मिळते व एका तबकडीचा नाश सोसता येतो. रेड ६ मध्ये ८ टेराबाइट जागा मिळते व कोणत्याही दोन तबकड्यांचा नाश सोसता येतो. रेड १० मध्येही ८ टेराबाइट मिळतात. पण एकाच जोडीतील दोन्ही तबकड्या गेल्यास माहिती उरत नाही.

आज्ञांनी व्यवस्थापन : संचाचे नियंत्रण स्वतंत्र यांत्रिक नियंत्रकाकडे किंवा प्रचालन प्रणालीकडे असू शकते. लिनक्स प्रणालीत यासाठी नील ब्राउन यांनी लिहिलेली ‘एमडीएडीएम’ ही आज्ञावली वापरतात. तिच्या ‘क्रिएट’ या आज्ञेने नवा संच निर्माण होतो, ‘असेंबल’ने आधीच असलेला संच ओळखून जोडला जातो, ‘डिटेल’ने त्याची स्थिती वाचता येते आणि ‘मॉनिटर’ने बिघाड होताच व्यवस्थापकाला पत्र धाडण्याची सोय करता येते. प्रत्येक तबकडीवर संचाचे नाव, प्रकार व तबकडीचा क्रम सांगणारी एक लहानशी नोंद असते. तिला संचाचे ओळखपत्र म्हणता येईल.

तबकडी निकामी झाल्यावर संच चालूच राहतो. मात्र तो ‘क्षीण’ अवस्थेत जातो. वापरणाऱ्यास काहीच जाणवत नाही आणि हेच धोक्याचे असते. ‘एमडीस्टॅट’ या स्थितिदर्शक फाईलमध्ये चालू तबकडीसाठी एक अक्षर व गेलेल्या तबकडीच्या जागी अधोरेखा दिसते. दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा : प्रथम स्थिती वाचून ती कागदावर किंवा दुसऱ्या संगणकावर उतरून घ्यावी. सुरक्षा-प्रत (बॅकअप) आहे व ती उघडते, याची खात्री करावी. निकामी तबकडीचा अनुक्रमांक आज्ञेने विचारून तो तबकडीवर छापलेल्या अनुक्रमांकाशी ताडून पाहावा. कारण प्रणालीने तबकड्यांना दिलेली नावे सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. त्यानंतर ‘फेल’ व ‘रिमूव्ह’ या आज्ञांनी ती तबकडी संचाबाहेर काढावी, तितक्याच किंवा अधिक क्षमतेची नवी तबकडी बसवावी आणि ‘ॲड’ या आज्ञेने ती संचात घ्यावी. मग पुनर्बांधणी आपोआप सुरू होते.

पुनर्बांधणीस वेळ लागतो. ४ टेराबाइटची तबकडी सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने भरावयाची, तर सु. साडेसात तास हवेत. संच वापरात असल्यास याहून अधिक. या काळात उरलेल्या सर्व तबकड्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. अनेक तबकड्यांच्या बाबतीत न वाचता येणारी चूक १०१४ अंकांमागे एकाहून अधिक नसावी, अशी मर्यादा उत्पादक देतात. १०१४ म्हणजे येथे एकावर चौदा शून्ये, अर्थात साडेबारा टेराबाइट. चार तबकड्यांच्या वरील रेड ५ संचात १२ टेराबाइट वाचावे लागतात. म्हणून मोठ्या तबकड्यांसाठी दुहेरी समता श्रेयस्कर ठरते आणि दर महिन्याला ‘चेक’ ही आज्ञा देऊन संपूर्ण संच वाचून घेणे हिताचे असते.

घातक आज्ञा : गोंधळलेल्या क्षणी दिलेली आज्ञा तबकडीच्या बिघाडापेक्षा अधिक नाश करते. संच जोडला जात नाही असे पाहून ‘असेंबल’ऐवजी ‘क्रिएट’ वापरल्यास जुनी ओळखपत्रे पुसून नवी लिहिली जातात. तबकड्यांचा क्रम चुकल्यास नव्या समतेच्या लेखनात खरी माहिती नष्ट होते. ‘झीरो-सुपरब्लॉक’ने ओळखपत्रच पुसले जाते. ‘फोर्स’ हा शब्द जोडल्यास यंत्रणा आपली शंका बाजूला ठेवते. तबकडी गेल्याचे यंत्राला कळते. आज्ञा चुकीची आहे, हे पुष्कळदा कळत नाही. आज्ञा देण्यापूर्वी ती मोठ्याने वाचणे व शक्य तर दुसऱ्याकडून तपासून घेणे, ही साधी सवय येथे फार उपयोगी पडते.

कोकणातील परिस्थिती : मोठ्या शहरांतील माहिती-केंद्रांत वातानुकूलन व अखंड वीज यांची सोय असते. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे यांसारख्या तालुक्याच्या गावी शाळा, पतसंस्था, दवाखाना किंवा लहान कारखाना यांचा सर्व्हर पुष्कळदा साध्या खोलीतच ठेवावा लागतो. चार महिने दमट हवा व खंडित होणारी वीज यांना त्याला तोंड द्यावे लागते. माहिती लिहिली गेली, पण तिची समता लिहिण्यापूर्वीच वीज गेली, तर दोहोंत विसंगती राहते व पुढे तबकडी गेल्यास चुकीची माहिती पुन्हा बांधली जाते. यावर विद्युत् घटमालेवर चालणारा अखंड वीजपुरवठा (यूपीएस) आणि लेखनाची आगाऊ नोंद ठेवणारी रोजनिशी (जर्नल) हे उपाय होत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. अशा वेळी घटमालेचा उपयोग सर्व्हर रीतसर बंद करण्यापुरताच असतो. तशी आज्ञा आपोआप दिली जाईल, अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते.

पुराच्या पाण्यात एका पेटीतील चारही तबकड्या एकदमच बुडतात; तेथे समता उपयोगी पडत नाही. रोहे कुंडलिकेच्या काठी, तर पेण भोगावतीच्या काठी आहे. रोह्याच्या सर्व्हरची प्रत पेणला ठेवल्यास एका नदीचा पूर दोन्ही प्रतींना सहसा बाधणार नाही. परंतु चक्रीवादळ दोन्ही गावांना एकाच दिवशी गाठू शकते. ‘निसर्ग’ वादळ घाट ओलांडून पुणे जिल्ह्यातही गेले होते. म्हणून तिसरी प्रत नागपूरसारख्या दूरच्या ठिकाणी असावी.

मर्यादा : पेणच्या खारेपाटातील शेतकऱ्यास बांधाचे महत्त्व सांगावे लागत नाही. बाहेरच्या बांधाला खांड पडली व आतला बांध टिकला, तर त्या दिवशी शेत वाचते. पण पुढच्या उधाणापूर्वी खांड बुजविली नाही, तर खारे पाणी आत शिरते. क्षीण संचाची स्थिती अशीच असते. चुकून पुसलेली फाईल संच तत्परतेने सर्व तबकड्यांवरून पुसतो. म्हणून संच हा सुरक्षा-प्रतीला पर्याय नव्हे.

लिहिलेले खरे आहे की नाही, हेही संच पाहत नाही. पेण अर्बन सहकारी बँकेतील बनावट कर्जखात्यांचा गैरव्यवहार २०१० मध्ये उघडकीस आला व २०१४ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. खोटी नोंदही तबकडीवर खऱ्या नोंदीइतकीच सुरक्षित राहते. तबकडीची पडताळणी यंत्र करू शकते. आज्ञेची व नोंदीची पडताळणी माणसांनाच करावी लागते.